कुजबुजराव आणि गेलेले चौदा सेकंद

पडदा वर जातो. समोर एक लहानशी खोली. डावीकडे खिडकी, उजवीकडे स्वयंपाकघराचं दार. मधोमध शिलाई मशीनचं टेबल, पण टेबलावर मशीन नाही. मशीन खाली जमिनीवर रुसून बसलंय आणि त्याच्या जागी एक थोराड, पिवळट पडलेला संगणक विराजमान झालाय. त्याचा पंखा असा घरघरतोय की दम्याच्या माणसाला आपली प्रकृती बरी वाटावी. पुढ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत एक कृश गृहस्थ. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. गुरुवार, दुपारचे चार वाजायला सहा मिनिटं कमी.

"बाई, श्वाससुद्धा जपून घ्या," गृहस्थ मला म्हणतात.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर श्वास जपून घेत बसते. दुसरं करणार काय? या माणसाच्या श्वासावर मी बावीस वर्षं माझी वाक्यं उचलली आहेत.

आमच्या नाटक कंपनीचे हे प्रॉम्प्टर. खरं नाव कंपनीच्या यादीत असेल, पण आमच्यासाठी ते कुजबुजराव. विंगेत काळ्या पडद्याच्या घडीत बसायचे, एका हातात वही, दुसऱ्या हातात टॉर्च, आणि खिशात दुसरा टॉर्च. पहिला विझलाच तर! प्रॉम्प्टर म्हणजे वहीतून वाचणारा माणूस, असं लोकांना वाटतं. छे! आमच्या नायकाला पहिला शब्द लागायचा, खलनायकाला अख्खं वाक्य. विनोदी नटाला काहीच दिलेलं खपायचं नाही. त्याच्यासाठी राव फक्त वही जोरात मिटायचे, की तो घाबरून आपोआप जागेवर यायचा. आणि मला? त्यांनी नुसता श्वास आत ओढला तरी मला पुरायचं. त्या श्वासात पुढचं वाक्य असायचं.

एकदा तर मी दुसऱ्या अंकातून उडी मारून थेट तिसऱ्या अंकात जाऊन उभी राहिले. समोरचा नट पांढराफटक पडला. रावांनी सतरा पानं उलटली, मागचं-पुढचं जुळवून चार वाक्यं जागच्या जागी तयार केली आणि आम्हा दोघांना हाताला धरून आणावं तसं परत आणलं. प्रेक्षकांना वाटलं, काय सुंदर स्वप्नाचा प्रसंग घातलाय! टाळ्या मला. मी त्यांना म्हटलं, "राव, आज तुम्ही पुढे या नमस्काराला." तर म्हणाले, "बाई, मी दिसलो तर माझी नोकरी गेली म्हणून समजा."

अशी माणसं रंगभूमीवर फार शोभतात. घरात त्यांच्याबरोबर राहायचं म्हणजे मात्र कठीण. ते वहिनींना विचारा.

वहिनी म्हणजे रावांची बायको. वहिनी बोलता बोलता जरा अडखळल्या, की राव शब्द पुरवायचे. "अहो, आज ती भेटली होती, ती आपली..." "शेजारीण." "शेजारीण नव्हे! मला माझं वाक्य माझं मला पूर्ण करू द्या हो! मी काय तुमची नटी आहे?" असं दिवसातून दहादा. समोरच्याच दारात मी राहते, त्यामुळे हा प्रयोग मी रोज फुकटात पाहत आले आहे.

पण शब्द पुरवणं एकवेळ चाललं असतं. रावांनी एकदा शब्द बदलले, आणि तिथे घोळ झाला.

वहिनींना एक धाकटी बहीण. कथाकथन करते. आवाज असा की भिंतीनं कान टवकारावेत. नऊ वर्षांपूर्वी तिचा पहिला मोठा कार्यक्रम होता. त्याच आठवड्यात तिच्या मुलीला ताप भरला. तालीम बुडू नये म्हणून वहिनी दोन रात्री त्या पोरीच्या उशाशी जागल्या. तिसऱ्या दिवशी कार्यक्रमाला पहिल्या रांगेत जाऊन बसल्या आणि दहाव्या मिनिटाला गाढ झोपल्या. नुसत्या झोपल्या नाहीत, घोरल्या. धाकटी कथेच्या ऐन रंगात होती. ती थांबली आणि माइकवरून म्हणाली, "पहिल्या रांगेत कुणी झोपलं असेल तर त्यांना घरी नेऊन अंथरुणात घाला." सभागृह खो खो हसलं. त्या हसण्यानं वहिनींना जाग आली.

झालं. बोलणं बंद. पहिलं वर्षभर दोघींचे निरोप राव पोचवायचे. धाकटी म्हणायची, "तिला सांगा, मी चुकलेच नाही." राव घरी येऊन सांगायचे, "तिला चुटपुट लागलीय." वहिनी म्हणायच्या, "तिला म्हणावं, तोंड दाखवू नकोस." राव तिकडे सांगायचे, "ताईची तब्येत बरी नाही, सध्या येऊ नकोस." एक दिवस धाकटी तब्येतीची चौकशी करणारं पत्र पाठवून बसली आणि रावांचं बिंग फुटलं. तेव्हापासून त्या घरात रावांच्या शब्दाला किंमत राहिली नाही.

"हे गाळतात," वहिनी मला म्हणाल्या होत्या. "आणि गाळलेल्या जागी साखर भरतात."

आता या वर्षी काय झालं, की इंटरनेटवरच्या एका लहानशा रेडिओनं धाकटीचा कार्यक्रम लावला. दर गुरुवारी दुपारी चार वाजता, पाऊण तास, स्वतःच्या आयुष्याच्या आठवणी. सात भाग. सगळं थेट, एकदा ऐकवलं की गेलं, पुन्हा ऐकायची सोय नाही.

वहिनींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला काय करायचंय?" आणि पहिल्याच गुरुवारी साडेतीन वाजता लोकर आणायला घराबाहेर पडल्या. पावणेपाचला परत आल्या, चपला काढता काढता विचारलं, "काय काय म्हणाली?"

राव सांगू लागले. माणसाची स्मरणशक्ती अशी, की पाऊण तास शब्दाला शब्द म्हणून दाखवतील. दोन वाक्यं झाली नाहीत तोच वहिनींनी हात वर केला. "तुमच्या तोंडून नको. मला तिच्या तोंडून हवंय."

मी म्हटलं, "वहिनी, पुढच्या वेळी मी ऐकते आणि सांगते."

"नको बाई. तुम्ही तर त्यात अभिनय घालाल."

खरं बोलणाऱ्याशी काय वाद घालायचा?

"मग बहिणीलाच फोन करून रेकॉर्डिंग माग," राव म्हणाले.

"तिच्यापुढे तोंड वेंगाडायचं नाही. तुम्हीही नाही. शपथ आहे."

तेव्हा उरला संगणक. रावांच्या मुलीनं नवा घेतल्यावर तिचा जुना इकडे पोचता झाला होता. रेडिओ त्यावर लागायचा, आणि आवाज साठवून ठेवायचा प्रोग्रॅमही त्यात होता. लाल बटण दाबायचं, की झालं. असं राव म्हणाले. नमनाला घडाभर तेल कसं जातं, ते पुढच्या पाच आठवड्यांत आम्ही पाहिलं.

दुसऱ्या गुरुवारी रावांनी लाल बटण दाबलं. वहिनी लोकर घेऊन आल्या, मला सोबतीला बोलावलं, कानाला हेडफोन लावले, आणि पाच मिनिटांत काढले. "अहो, ही विहिरीत पडलीय का?"

मी ऐकलं. खरंच, लांब कुठेतरी तळाशी एक बाई बोलत होती. जवळ मात्र खुर्ची करकरत होती, दूध उतू गेल्याचा फसफसाट होता, खालच्या गॅरेजवाल्याची हातोडी होती आणि सगळ्यात जवळ रावांचा आवाज होता: "अरे बापरे, दूध!"

गल्लीच्या तोंडाशी संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदार भला माणूस, पण बोलताना कायम दुसऱ्याच कुणाच्या तरी संगणकात डोकं. राव त्याला फोनवरून काय झालं ते सांगू लागले.

"मोठ्यानं बोला काका, काहीच ऐकू येत नाहीये!"

"मोठ्यानंच बोलतोय," राव जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले. शेवटी फोन मी घेतला.

"तुम्ही माइकवरून घेतलंय," दुकानदार म्हणाला. "म्हणजे खोलीतला आवाज घेतला. तुम्हाला संगणकाच्या आतला आवाज घ्यायचाय. सेटिंगमध्ये जा, आतला आवाज निवडा. तो पर्याय दिसणार नाही, लपवलेला असतो. आधी तो दाखवायला सांगा, मग चालू करा, मग निवडा."

"लपवलेला का असतो?" राव माझ्या कानाशी म्हणाले. मी विचारलं.

"ते बनवणाऱ्याला माहीत," दुकानदार म्हणाला.

तो लपलेला पर्याय शोधण्यात तीन दिवस गेले. सापडला. तिसऱ्या गुरुवारी वहिनी लोकर घेऊन आल्या. फाइल पंचेचाळीस मिनिटांची. आवाज? शून्य! पडद्यावर नुसती सरळ रेघ.

"पेशंट गेला," वहिनी म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मागोमाग भांड्यांचा आवाज आला, तो मात्र संगणकाशिवायही स्पष्ट होता.

पुन्हा दुकानदार. या वेळी आम्ही दुकानातच गेलो. "काका, स्पीकर बंद केला होतात का?"

"अर्थात," राव म्हणाले. "प्रयोग सुरू झाला की विंगेत शांतता पाहिजे."

दुकानदार म्हणाला, "काका, तुमच्या संगणकात आतला आवाज बंद केला की तो रेकॉर्डिंगलाही मिळत नाही. तोंड दाबून गाणं म्हणायला सांगितलंत तुम्ही त्याला."

चौथ्या गुरुवारी आवाज आला, उत्तम आला, आणि पंधराव्या मिनिटाला गेला. राव इतके शिस्तीचे, की त्यांनी माउसला बोट लावलं नव्हतं. संगणकाला वाटलं कुणी नाही, तो झोपी गेला. राव त्याच्यासमोर बसून होते, पडदा काळा झालेला पाहत. त्यांना वाटलं, अंक संपला.

"झोपला?" वहिनी म्हणाल्या. "घोरला नाही ना? नाहीतर त्यालाही कुणीतरी चार लोकांत..." पुढचं त्यांनी गिळलं. रावांनी वाक्य पुरवायला तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

पाचव्या गुरुवारी संगणकानं चार वाजून दहा मिनिटांनी स्वतःहून नवं काहीतरी स्वतःत भरून घ्यायचं ठरवलं आणि बंद होऊन पुन्हा सुरू झाला. मी इथे सांगून टाकते, मी त्या दिवशी त्या यंत्राला जे बोलले ते मी कुठल्याही नाटकात बोलले नव्हते. सहाव्या गुरुवारी सगळं नीट झालं, फक्त दर दोन मिनिटांनी एक 'टुंग' वाजत होता आणि तुमचा संगणक धोक्यात आहे असं सांगत होता. धोका त्याला आमच्याकडूनच होता. पण त्या टुंग-टुंगीत का होईना, वहिनींनी पहिल्यांदा अख्खा भाग ऐकला. शेवटी धाकटी म्हणत होती, "पुढच्या गुरुवारी शेवटचा भाग. त्याचं नाव, पहिली रांग."

वहिनींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग रावांना म्हणाल्या, "हा एक भाग मला नीट पाहिजे. ती मला काय म्हणते ते मला शब्द न् शब्द ऐकायचंय. नंतर तुमचा तो डबा खिडकीबाहेर टाका."

त्या आठवड्यात मंगळवारी दुकानदार स्वतः आला. झोप बंद केली, टुंग बंद केला, आतला आवाज निवडला, माइक बंद केला. जाताना हात जोडून म्हणाला, "काका, आता कशालाही हात लावू नका. लाल बटण. बास."

आणि आता चार वाजायला सहा मिनिटं आहेत. वहिनी लोकर आणायला गेल्या आहेत. घरात इतकी लोकर झाली आहे की मेंढीनं लाजावं. मी स्टुलावर. राव माउस धरून बसलेत आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक जुनी काळजी दिसते आहे, प्रयोगाआधीची.

"काय करताय राव?"

"काही नाही. माइक चालू करून ठेवतो."

"अहो! हात लावू नका म्हणाला ना तो?"

"आतलं गेलं तर बाहेरचं राहील. एकावर विसंबायचं नसतं, बाई. मी दुसरा टॉर्च घेतल्याशिवाय कधी विंगेत बसलोय का?"

मी डोक्याला हात लावला. पण नियम असा, की तिसरी घंटा झाल्यावर बोलायचं नाही. चार वाजले. लाल बटण दाबलं गेलं. या वेळी रेघ थरथरू लागली, उंच-सखल डोंगर काढू लागली. धाकटीचा आवाज खोलीत भरला.

काय सांगू, काय सुंदर सांगत होती! वहिनींनी तिला लहानपणी कसं शाळेत सोडलं, परीक्षेच्या वेळी कशी तिची वेणी घातली, आणि मग तो कार्यक्रम, आणि मुलीचा ताप, आणि दोन रात्री. मी रावांकडे पाहिलं. हात मांडीवर, मान किंचित पुढे. बरोबर तशीच बसण्याची पद्धत. आमच्यापैकी कुणीही नव्हतं रंगमंचावर, तरी ते विंगेतच बसले होते.

"आणि पहिल्या रांगेतून घोरणं ऐकू आलं," धाकटी म्हणाली. "मी पाहिलं, तर ताई. मी माइकवरून ते वाक्य बोलले, सगळे हसले, ताई दचकून उठली. ती माझ्याकडे बघत होती. आणि मला तेव्हा..."

आवाज थांबला. पडद्यावर एक लहानसं चाक गरगर फिरू लागलं. नेट गेलं होतं.

एक सेकंद. दोन. तीन. त्या शांततेत मला माझ्या ओळखीचा तो श्वास ऐकू आला, आत ओढलेला. मी हात पुढे केला, पण तोवर उशीर झाला होता. चाळीस वर्षांच्या सवयीनं, अगदी हळू, अगदी स्पष्ट, रावांनी अडखळलेल्या बाईला तिचं वाक्य दिलं:

"माझीच लाज वाटली."

चौदा सेकंदांनी आवाज परत आला, पण थेट प्रक्षेपणात मधलं थांबत नाही, ते पुढे निघून जातं. धाकटी म्हणत होती, "...असो. त्यानंतर आम्ही बोललो नाही. इतकंच होतं."

राव खुर्चीत थिजून बसले. माइकचं चिन्ह हिरवं जळत होतं.

"खोडता येईल?" त्यांनी मला विचारलं.

"नको राव," मी म्हटलं. "पुन्हा गाळल्याचा आरोप येईल."

वहिनी आल्या. हेडफोन लावले. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलो, नापास होणार हे माहीत असलेल्या मुलांसारखे. वहिनींनी डोळे मिटून अख्खा भाग ऐकला. मग थोडं मागे जाऊन पुन्हा ऐकला. मग पुन्हा.

"हे तुम्ही म्हणालात," त्या म्हणाल्या.

"सवयीनं. ती थांबली म्हणून."

"ती थांबली नव्हती, नेट थांबलं होतं! ती काय म्हणाली?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही! सात आठवडे! खोलीभर वायरी! आणि नेमकं जे मला हवं होतं तिथे तुमचं वाक्य!"

"चाक फिरत होतं गं," राव कळवळून म्हणाले. "मी काय करू? चाकाच्या मागे जाऊन बघू?"

वहिनी उठल्या. खोलीत दोन फेऱ्या घातल्या, मशीनला अडखळल्या, मशीनला शिवी दिली. मग फोन उचलला. नऊ वर्षांत न लावलेला नंबर त्यांनी न बघता लावला.

"मी बोलतेय," वहिनी म्हणाल्या. "ताई. दुसरं कोण? हे बघ, मी भांडायला नाही केला फोन. आमच्याकडे नेट गेलं होतं. 'मला तेव्हा' च्या पुढे तू काय वाचलंस ते परत वाच." थोडा वेळ ऐकलं. "रडू नकोस, वाच. कागद शोध आधी."

आम्ही दोघं दारात. पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. वहिनींचा चेहरा आम्ही वाचत होतो.

"काय? हसू आलं? नुसतं हसू?" वहिनींचा आवाज चढला. "म्हणजे मी दचकून उठले आणि तुला हसू आलं... पुढे वाच. हं. हं. म्हणजे माझे केस उभे राहिले होते? मला कुणी सांगितलं नाही! मी तशीच रिक्षानं घरी आले! मूर्ख मुली, तू हसलीस म्हणून सगळे पुन्हा हसले!... हं. मग? आणि नंतर नऊ वर्षं त्या हसण्याचं... मोठ्यानं वाच, पुटपुटू नकोस. नऊ वर्षं त्या हसण्याचं तुला वाईट वाटतंय. मग हे आधी नाही का सांगायचं? काय? नंतर एकदा सांगितलंस? कुणाला?"

वहिनींनी हळूच मान वळवून रावांकडे पाहिलं. राव छताकडे पाहू लागले.

"म्हणाले होते चुटपुट लागलीय," वहिनी फोनमध्ये म्हणाल्या. "पण यांच्या तोंडातून खरं आलं तरी मला ते खोटंच वाटणार ना!"

मग त्या खाली बसल्या, मशीनवरच, आणि भांडण नीट रंगात आलं. तापाच्या वेळी कुठलं औषध दिलं होतं इथपासून, आईची शाल कुणी हरवली इथपर्यंत. तास झाला. मध्येच त्यांनी फोनवर हात ठेवून रावांना सांगितलं, "अहो, तिच्याकडे सातही भाग स्वच्छ रेकॉर्ड केलेले आहेत. म्हणते, एकदा विचारायचं तरी! संध्याकाळपर्यंत पाठवते."

राव टेबलापाशी गेले, माइकची वायर ओढून काढली आणि गुंडाळू लागले. हाताच्या पंजाला आठच्या आकड्यासारखे वेढे देत, विंगेतल्यासारखी. मी जवळ गेले. वाटलं, माणूस खचला असेल, धीर द्यावा. पाठीवर हात ठेवला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज मला चांगला खणखणीत ऐकू आला.

"बाई, तिच्यापेक्षा माझं वाक्य बरं होतं."